हौदातला मुरघास

पाऊस मधेच गायब झाला तेव्हा हत्ती गवत कमरेएवढं आलेलं होतं. मग ते तिथंच थांबलं. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या आणि सकाळच्या गारव्यातसुद्धा पानं सुरळी करून उभी राहायला लागली. म्हातारा रोज बांधावर जायचा, एक पान तोडून बोटांत चुरगाळायचा आणि टाकून द्यायचा. घरी यायचा, हात धुवायचा आणि गोठ्यात शिरायचा.

घरात माणसं तीन. म्हातारा, त्याची एकुलती एक लेक आणि जावई. म्हातारी गेल्यावर एकट्या म्हाताऱ्याला गुरांचं आवरेना, म्हणून लेक नवऱ्याला घेऊन माहेरी राहायला आली होती. जावई आधी दूध गोळा करायच्या केंद्रावर कामाला होता. ते सोडून तो इथं आला त्याला बरीच वर्षं झाली, पण म्हातारा त्याला अजून 'पाहुणे'च म्हणायचा. "पाहुणे, पाटी कुठं ठेवलीत?" "पाहुणे, शेण भरून घ्या." मान देतोय की टोचतोय, ते जावयाला कधी उमगलं नाही. तो आपला "हो मामा" म्हणून घमेलं उचलायचा.

मुरघासाचं त्यानंच काढलं. जेवताना, म्हाताऱ्याचा हात ताटात असताना.

"मामा, यंदा गवत वाळवत बसायला नको. हिरवं आहे तोवर कापू, बारीक कुट्टी करू आणि दाबून भरून ठेवू. वरून प्लास्टिक, माती. हवा आत गेली नाही की ते मुरतं. पुढं उन्हाळाभर पुरेल."

"कुजवायचं म्हणा की सरळ."

"कुजत नाही, मुरतं. केंद्रावर यायचे ते लोक घालायचे. त्यांच्या गाई उन्हाळ्यात आटायच्या नाहीत."

"त्यांच्या गाईंना सांगा आमच्या गाईंना पत्र लिहायला," म्हातारा म्हणाला. लेकीला हसू आलं. जावयानं मान खाली घालून घास घेतला.

पण म्हाताऱ्यानं नाही म्हटलं नाही. दोन दिवसांनी गोठ्यात तो आपण होऊन बोलला, "खड्डा काही खणायचा नाही. हौद आहे ना रिकामा."

हौद गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून होता. विहिरीला पाणी होतं तेव्हा म्हाताऱ्यानं तो स्वतः बांधलेला. खोल, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. आत उतरायला भिंतीत लोखंडी कांब्या बसवलेल्या. हौदाभोवती तीन बाजूंनी आडोशाच्या भिंती, चौथी बाजू उघडी, वर पत्रा. जावयाला उघड्यावरचा उथळ चर हवा होता, बाजूनं ट्रॅक्टर चढवून दाबता येईल असा. तो बोलायला लागला तेवढ्यात बायकोनं त्याच्याकडे बघितलं. हौद वापरायचा म्हणजे म्हाताऱ्यानं अर्धं मान्य केलं होतं. जावयानं परत चराचं नाव काढलं नाही.

मग आभाळ भरून आलं. पाऊस येणार हे दिसताच म्हाताऱ्यानं युरियाची गोणी काढली आणि वाऱ्यात डोक्याला फडकं बांधून गवतात हात सैल सोडून खत फेकलं. रात्रभर पाऊस झाला. सकाळी गवत असं काही तरारलं होतं, की म्हातारा बांधावर उभा राहून स्वतःशीच हसला. गडद, काळपट हिरवं.

"आठ-दहा दिवस वाढू दे आता," तो म्हणाला.

"मामा, कुट्टीवाला परवाच मोकळा आहे. नंतर तो महिनाभर सापडायचा नाही. परवाच कापू."

या वेळी म्हाताऱ्यानं ऐकलं आणि विळे काढून धार लावायला बसला.

कुट्टीवाला ट्रॅक्टरमागं यंत्र ओढत आला. यंत्राला वरून वाकलेला लांब नळ होता. एका तोंडानं गवताच्या पेंढ्या घ्यायचं आणि पंख्याच्या जोरानं नळातून कुट्टी फेकायचं. नळाचं तोंड त्यानं हौदावर फिरवलं. म्हातारा आणि जावई कापत होते, लेक पेंढ्या वाहत होती. गवताच्या पानांनी हाता-मानेवर बारीक रेघा उमटल्या, त्यांत घाम गेला की चरचरायचं. थर पडला की जावई हौदात उतरून गोल गोल फिरत तुडवायचा, गुळाचं पाणी शिंपडायचा आणि परत तुडवायचा. दुपारी म्हातारासुद्धा उतरला. दोघं एकमेकांच्या पाठीमागं गोल फिरत होते.

"घाण्याला जुंपलेत दोन्ही," कुट्टीवाला यंत्राच्या आवाजावर ओरडून म्हणाला. "वहिनी, तेल कुठं गळतंय बघा!"

हौद निम्म्याच्या जरा वर भरला आणि यंत्रात खाडकन काहीतरी तुटलं. पातं. कुट्टीवाल्यानं कपाळाला हात लावला. पातं आणायला तालुक्याला जावं लागणार. "उद्या येतो," म्हणून तो ट्रॅक्टर घेऊन गेला, यंत्र तिथंच ठेवून. जावयानं भरलेल्या गवतावर प्लास्टिक अंथरलं, कडेनं विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कुट्टीवाला आला नाही.

पहिल्यांदा माश्या दिसल्या. हौदाच्या कठड्यावर, मोहरी सांडावी तशा. लेकीनं झाडूनं झाडल्या. त्यांच्यातली एकही उडाली नाही.

"औषध मारलंत का इथं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"नाही बुवा."

संध्याकाळी धार काढताना बांडी गाय खोकायला लागली. हौदाच्या भिंतीकडची तिची दावण. मान खाली घालून ती कोरडं खोकत होती आणि पुढचे पाय आपटत होती. लेकीच्या नाकात एक वास शिरला, विहिरीत टाकायच्या पांढऱ्या पावडरीसारखा, घशात रुतणारा. तिनं पदर नाकाला लावला. भिंतीच्या तळाशी मूत वाहून जायला भोक होतं. वास तिथूनच येत होता.

तिनं बांडीला दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं आणि भोकात गोणपाट कोंबलं.

सकाळी हौदाशेजारच्या कोपऱ्यात दोन कोंबड्या मेलेल्या सापडल्या. अंगावर जखम नाही, पिसं विस्कटलेली नाहीत. चोची उघड्या. म्हाताऱ्यानं एकीला पायाला धरून उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि जावयाकडे वळला.

"पाहुणे, काय टाकलंत त्या गवतात?"

"तुमच्या डोळ्यांसमोर टाकलं की. गूळ आणि पाणी."

"गुळानं कोंबड्या मरतात?"

"मी काय विष घातलं म्हणता का?"

"मी काही म्हणत नाही. मला दिसतं ते दिसतं. चांगलं गवत नासवलंत." म्हाताऱ्यानं कोंबडी उकिरड्याकडे भिरकावली. "बाहेरच्या माणसाच्या नादी लागलं की असंच व्हायचं."

जावयाच्या हातात बादली होती. ती त्यानं हळूच खाली ठेवली, जराही आवाज न करता. लेकीला वाटलं, आपटली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, पुरे," ती म्हणाली.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. कुट्टीवाला नवं पातं घेऊन आला होता. आला तो आपल्याच घाईत होता, भराभर पाना फिरवून त्यानं पातं बसवलं. जावई आणि त्यानं मिळून प्लास्टिकची एक कड धरली आणि मागं ओढली.

गवत बरंच खाली बसलं होतं. त्याच्यावर धूर साचला होता. पिवळट तांबूस, पातळ चहासारखा. वर येत नव्हता, हलत नव्हता. भांड्यात पाणी राहावं तसा हौदात राहिला होता.

"आग लागली की काय आत?" कुट्टीवाला म्हणाला.

"थांबा जरा," जावई म्हणाला. "वारं लागू द्या. कुणी उतरू नका."

म्हातारा कठड्यावर बसलाच होता, पाय आत सोडून. "माझ्या हौदात उतरायला मला तुमची परवानगी लागते होय? बघू दे तळापर्यंत किती नासलंय."

"मामा, ऐका."

"बाबा!"

तो उतरला. भराभर, सवयीच्या पायांनी. गवतावर उभा राहिला, एकदा खोकला, खाली वाकून मूठभर कुट्टी उचलली आणि दमून बसावं तसा खाली बसला. मग कलला. मूठ बंदच होती.

जावयानं खांद्यावरचा पंचा तोंडाला गुंडाळला आणि उडी मारली.

लेक कठड्यावर पोटावर आडवी पडली. खालून येणाऱ्या वाफेनं तिचे डोळे जळायला लागले. तिला दिसत होतं ते एवढंच, की नवऱ्यानं बाबांना काखेत धरलं, खांद्यावर घेतलं, कांबीवर एक पाय ठेवला. पाय घसरला. परत ठेवला. म्हाताऱ्याचा हात वर आला, कुट्टीवाल्यानं मनगट पकडलं, तिनं सदऱ्याची कॉलर पकडली. दोघांनी ओढलं. खालून जावई रेटत होता. म्हातारा कठड्यावरून अलीकडे येऊन पडला, पोत्यासारखा.

ती परत वाकली तेव्हा नवरा कांबीवर नव्हता. खाली भिंतीला टेकून बसला होता, डोळे उघडे.

तिनं पाय आत टाकला. कुट्टीवाल्यानं तिला दंडाला धरून मागं खेचलं. "वहिनी, तुम्ही गेलात तर दोघांना कोण काढणार? मी एकटा?"

ती त्याच्या हातात धडपडत होती आणि तिची नजर यंत्रावर गेली. नळाचं तोंड अजून हौदाकडेच होतं.

"यंत्र चालू कर," ती ओरडली. "रिकामं चालू कर! गवत नाही, नुसता वारा सोड आत!"

तो क्षणभर बघत राहिला. मग पळाला. यंत्र धडधडलं. नळात अडकलेली कुट्टी फुर्रकन उडाली आणि मागून मोकळा वारा हौदात घुसला. पिवळा धूर फिरला, भिंतीवर चढला, कठड्यावरून सांडून उघड्या बाजूनं बाहेर वाहायला लागला. दोघं तोंड फिरवून, श्वास धरून उभे राहिले. तिनं गाईचं दावं सोडून आणलं, फास केला आणि खाली सोडला.

"हात घाला! अहो, हात घाला त्यात!"

तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याचा हात हलला.

वर आल्यावर तो ओकला, खूप खोकला आणि मग भिंतीला धरून उभा राहिला. "मामा?" त्यानं विचारलं. म्हातारा श्वास घेत होता, पण डोळे उघडत नव्हता. सकाळची दुधाची गाडी दारात आली होती. कॅन उतरवून म्हाताऱ्याला तीत आडवं केलं.

"तुम्ही पण चला," ती म्हणाली.

"जनावरं कोण बघणार? मी ठीक आहे. घसा जळतोय थोडा." तो हसलासुद्धा. "जा तू. मामांना बघ."

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. म्हाताऱ्याच्या नाकावर नळी लावून झाली, तो डोळे उघडून इकडं तिकडं बघायला लागला, तेव्हा लेकीच्या जिवात जीव आला. डॉक्टरनं सगळं विचारून घेतलं. धुराचा रंग विचारला. मग म्हणाली, "आत अजून कोण होतं?"

"माझे मिस्टर. ते घरी आहेत. ते बरे आहेत."

डॉक्टर उभी राहिली. "ते बरे नाहीत. या वायूचं असंच असतं. आधी काही वाटत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. ताबडतोब घेऊन या त्यांना."

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो उचलला कुट्टीवाल्यानं. "वहिनी, मी करणारच होतो फोन. ते पायरीवर बसलेत. बोलत नाहीयेत. ओठ निळे पडलेत."

"आण त्यांना," ती म्हणाली.

त्या दिवशी तो वाचला. पण वाचला म्हणजे काय, ते डॉक्टरनं दोघांना घरी सोडताना सांगितलं. "दोन-तीन आठवडे जपा. पूर्ण बरं झाल्यासारखं वाटेल. मग एखादे दिवशी परत उलटू शकतं. ताप, दम, काहीही दिसलं तर थांबू नका."

गुरांचा डॉक्टर बांडीला बघायला आला होता. त्याच्याकडून बाकीचं कळलं. पाण्याविना उपाशी राहिलेल्या गवतानं पाऊस पडताच खत घटाघटा पिऊन घेतलं. ते पचायच्या आतच कापून, दाबून भरलं, की असा वायू सुटतो. चार दिशांनी मोकळा चर असता तर वाऱ्यानं उडून गेला असता.

"खत मी टाकलं," म्हातारा म्हणाला.

"कापायची घाई माझी होती," जावई खाटेवरून म्हणाला.

"हौद माझा."

"मुरघास माझा, मामा."

"गप्प पडा. दम लागेल," म्हातारा ओरडला आणि स्वतःच खोकत बाहेर गेला.

हौद रिकामा करून गवत फेकून द्यायचं, असं म्हाताऱ्याचं म्हणणं होतं. लेकीनं ऐकलं नाही. शेतात दुसरं काही उभं नव्हतं. कुट्टीवाल्याला बोलावून तिनं यंत्राचा वारा परत आत सोडला. आत कुणी उतरलं नाही. वरूनच फळी टाकून प्लास्टिक ताणलं आणि कठड्यावरून माती लोटली. मग पत्रे काढून टाकले. आता वरून ऊन पडायचं आणि हौद झाकलेल्या चुलीसारखा गप्प दिसायचा. त्या बाजूला जायला कुणाचा पाय उचलायचा नाही.

आत गवत मुरत होतं आणि खाटेवर नवरा पडून होता. दोघांपैकी कशालाच हात लावायचा नव्हता. नुसती वाट बघायची.

ती भांडी घासताना पाणी बंद करून कान द्यायची. तो झोपला की छातीकडे बघत बसायची. म्हातारा पहाटे उठून एकटाच शेण काढायचा, धारा काढायचा, पाट्या वाहायचा. त्याचे गुडघे वाजायचे. जावयाला सासऱ्याच्या घरात, दिवसाढवळ्या, खाटेवर पडून राहायची लाज वाटायची. एकदा तो गुपचूप उठून गोठ्यात गेला आणि पाटी उचलली. म्हाताऱ्यानं ती हिसकावून घेतली. दोघांच्या ओढाताणीत पाटीतलं शेण दोघांच्या अंगावर सांडलं. लेकीनं दोघांना न्हाणीत नेऊन लहान पोरांसारखं धुतलं. त्या दिवशी घरात जरा हसणं झालं.

हळूहळू जावई बांधापर्यंत चालायला लागला. रंग परत आला. म्हातारा म्हणाला, "डॉक्टर लोक घाबरवतात उगाच." लेकीनंही कान देणं थोडं सोडलं.

आणि मग एका दुपारी ती धुणं वाळत घालत होती. तो मागं उभा राहून तिला चिमटे देत होता. चिमटे यायचे थांबले. तिनं वळून बघितलं तर तो दोरीला धरून उभा होता, वाकून, आणि त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. अंगाला हात लावला तर चटका बसला.

या वेळी कुणी जनावरांचं नाव काढलं नाही. म्हाताऱ्यानं त्याला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत गेला. मिळेल त्या गाडीसमोर आडवा उभा राहिला. लेक मागून धावत होती, तिला बापाच्या टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या, धुळीत आपटणाऱ्या.

या वेळी डॉक्टरनं त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. काचेच्या दारामागं. एका वेळी एकालाच आत सोडायचे, तेही थोडा वेळ. तोंडावर मुखवटा, आत त्याचे डोळे. तो बोलू शकत नव्हता. तिनं हात धरला तर बोटं घट्ट धरायचा, मग सैल सोडायचा. घरी गुरं होती म्हणून बापलेक आळीपाळीनं जायचे. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, आता औषध लागू पडतंय की नाही ते उद्यापर्यंत कळेल, तुम्ही घरी जा, आम्ही फोन करू.

घरी वैरणीची शेवटची पेंढी संपली होती. गाई रिकाम्या दावणीला जीभ लावत होत्या.

सकाळी तिनं कुदळ घेतली आणि हौदाकडे गेली. म्हातारा दारातच थांबला. मग कुट्टीवाल्याकडून मागून आणलेला पंखा घेऊन आला. एका कोपऱ्यातली माती ओढली, प्लास्टिक उचललं, पंखा लावला आणि दोघं लांब जाऊन बसून राहिले. धूर नव्हता. वरचा थर काळा, बुरसलेला निघाला, तो लांब दांड्याच्या पंजानं वरूनच ओढून फेकला. खालचं गवत सोनेरी हिरवं होतं, मऊ, आंबूस वासाचं. गुरांच्या डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं तिनं घमेल्यात थोडंसंच घेतलं आणि बांडीसमोर ठेवलं. गाईनं हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि मान मागं घेतली.

घरात फोन वाजला.

दोघांपैकी कुणी हललं नाही. फोन वाजून बंद झाला. परत वाजायला लागला.

"तू घे," म्हातारा म्हणाला. तो दावणीच्या खुंट्याला धरून उभा होता.

तिनं हात पदराला पुसले आणि आत गेली. फोन कानाला लावला. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला, घासत येणारा.

"अगं," नवऱ्याचा आवाज म्हणाला. बारीक, घोगरा, थांबत थांबत. "मुखवटा काढलाय. पाच मिनिटं बोला म्हणाले. हौद उघडला का?"

तिनं दोन्ही हातांनी फोन धरला.

"ऐकू येतंय का? उघडला का?"

"उघडला."

"कसं आलंय?"

ती फोन घेऊन गोठ्याच्या दारात आली. गोठ्यात बांडीनं परत तोंड खाली घातलं होतं आणि घमेलं चाटत, पुढं ढकलत खात होती. म्हातारा लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होता. बघता बघता तो तिथंच जमिनीवर बसला.

"खातेय," ती म्हणाली. "बांडी खातेय."

"बरं. काम झालं की प्लास्टिक..." तो थांबला, दम घेतला. "प्लास्टिक परत नीट लाव. हवा जाऊ देऊ नको आत."

म्हाताऱ्याला पलीकडचं ऐकू आलं असावं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि हौदाकडे गेला.

"बाबा लावतायत," ती म्हणाली.